फ्रेट घासावेत की बदलावेत?

इलेक्ट्रिक गिटारचे फ्रेट झिजले तर ते घासून घ्यावेत, उपटून नवे बसवू नयेत, असं मी बरीच वर्षं मानत आलो. सोलापुरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींनाही हेच सांगत होतो. आज मी तसं सांगत नाही. ते मत कशाच्या आधारावर होतं, कशानं बदललं आणि आता कोणी विचारलं तर मी काय उत्तर देतो, हे मांडण्यासाठी हा लेख आहे. आपल्याकडे गिटार विकत घेण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ती वर्षानुवर्षं वाजवल्यावर तिचं काय करायचं, हे सांगणारं मात्र सहजी भेटत नाही.

आधी फ्रेट म्हणजे काय ते पाहू. नेकवर जी लाकडी पट्टी असते तिच्यावर आडव्या बारीक खाचा कापलेल्या असतात आणि त्या खाचांत धातूची तार ठोकून बसवलेली असते. तिचा वरचा भाग अर्धगोल. खालचा भाग पातळ पायासारखा, त्याला बारीक दाते असतात आणि ते लाकडात रुतून बसतात. बहुतेक गिटारवर ही तार निकेल सिल्व्हरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूची असते. वाजवायच्या तारा पोलादी, म्हणजे तिच्यापेक्षा कठीण. बोट दाबलं की कठीण धातू मऊ धातूवर घासला जातो. तार तुटली की आपण नवी चढवतो. फ्रेट मात्र तिथंच असतो आणि गुपचूप झिजत राहतो.

ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. ऑर्केस्ट्रात साथ करणाऱ्याचा हात बहुतेक वेळ पहिल्या तीन-चार फ्रेटवर असतो; सी, डी, जी, ए मायनर हे कॉर्ड तिथंच पडतात. त्यामुळे तिथं, विशेषतः वरच्या पातळ तारांखाली, लांबट खळगे पडतात. लीड वाजवणाऱ्याचं वेगळं. तो तार आडवी ओढून बेंड घेतो, त्यामुळे त्याच्या फ्रेटला खळगा कमी पडतो, पण माथा सपाट होतो. सपाट माथा जास्त फसवा. दिसायला फ्रेट गुळगुळीत असतो, पण तार एका रेषेवर टेकण्याऐवजी रुंद पृष्ठभागावर टेकते, ब्रिजच्या बाजूच्या कडेवरून सुटते आणि सूर किंचित चढा लागतो. शिवाय कंप पावणारी तार त्या सपाटीला चाटत राहते आणि झणझणीत आवाज येतो. सतारीच्या घोडीवर कारागीर जवारी काढतो तेव्हा तारेचं हे चाटणं मुद्दाम आणि मोजून घडवलेलं असतं. गिटारवर ते आपल्याला नको असतं.

माझं जुनं मत घासण्याच्या बाजूनं होतं, त्याला कारणं होती आणि ती आजही मला पोकळ वाटत नाहीत. पहिलं कारण लाकडाचं. फ्रेट उपटताना त्याचे दाते लाकूड ओरबाडत वर येतात. रोझवूड कोरडं झालेलं असेल तर खाचेच्या काठाचे टवके उडतात. दर वेळी खाच थोडी सैल होते. दुसरं कारण हाताचं. एखाद्या गिटारवर हात बसला की तिच्या फ्रेटची उंची, रुंदी, कडा बोटांना पाठ असतात. सगळे फ्रेट बदलले की काही काळ परक्या वाद्यावर वाजवल्यासारखं होतं. तिसरं कारण अंतराचं. हे काम नीट करणारा माणूस गाठायला मला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं आणि गिटार काही आठवडे हाताबाहेर राहते. गणपती, नवरात्र, मग लग्नसराई आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. वाजवणाऱ्याला मोकळा काळ मिळणं अवघड. आणि चौथं कारण स्वभावाचं. असलेली वस्तू नीट करून वापरावी, तिचा मूळ भाग शक्य तोवर टिकवावा, हा संस्कार आमच्या पिढीत खोलवर आहे.

घासणं म्हणजे काय, तेही सांगतो. नेक तिच्या आतल्या सळीनं, म्हणजे ट्रस रॉडनं, सरळ करायची. लाकडावर टेप लावून घ्यायची. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअपही झाकून घ्यायचे, कारण त्यातलं लोहचुंबक धातूचा कीस ओढून घेतं. मग सपाट, लांब पट्टीला पॉलिश पेपर लावून सगळे फ्रेट एका पातळीत आणायचे. हे लेव्हलिंग. त्यानं माथे सपाट होतात, म्हणून मग पोटाला गोलाई असलेल्या कानशीनं प्रत्येक माथा पुन्हा गोल करायचा. हे क्राउनिंग. शेवटी बारीक होत जाणाऱ्या कागदांनी पॉलिश. काम मन लावून केलं असेल तर गिटार अक्षरशः नवी झाल्यासारखी वाटते, आणि तो आनंद मी पुन्हा पुन्हा घेतलेला आहे. माझं मत पक्कं होण्यात त्या आनंदाचा वाटा मोठा होता.

ते मत पहिल्यांदा हललं ते व्हर्निअर कॅलिपरमुळे. सोलापुरात यंत्रमागांमुळे सुटे भाग बनवणारे, लेथवर काम करणारे पुष्कळ. अशा एका ओळखीच्या कारखान्यातून मी कॅलिपर आणला आणि माझ्या रोजच्या गिटारचे फ्रेट मोजले. तिला २२ फ्रेट आहेत. अशा मध्यम-जाड तारेची नवेपणीची उंची साधारण १.२ मिलिमीटर धरता येते. आधीच्या घासण्यांनंतर बाराव्या फ्रेटच्या पुढे ती ०.९५ मिलिमीटर राहिली होती. तिथले माथे अजून छान गोल होते. पण तिसऱ्या फ्रेटवर, बी तारेखालच्या खळग्याच्या तळाशी, धातू जेमतेम ०.६ मिलिमीटर उरला होता. खिडकीशी गिटार तिरपी धरली की तो खळगा नखानं कोरल्यासारखा दिसत होता.

आता हिशेब करा. तो खळगा नाहीसा करायचा तर तिसरा फ्रेट ०.६ पर्यंत उतरवावा लागेल. पण एकटा तिसरा उतरवून चालत नाही. त्या तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की तार पुढच्या उंच फ्रेटला लागणारच. म्हणून सगळेच ०.६ पर्यंत उतरवायचे. म्हणजे झीज पहिल्या पाच-सहा फ्रेटची आणि शिक्षा उरलेल्या सोळा-सतरा धडधाकट फ्रेटना. मी ज्याला जपणूक म्हणत होतो, तिच्यात दर खेपेला चांगला धातू कागदावर उतरून जात होता. हे मी डोळ्यांनी नेहमीच बघत होतो. आकडे समोर आल्यावर त्याचा अर्थ बदलला. शिवाय इतक्या बुटक्या फ्रेटवर बोटाचं टोक तारेआधी लाकडाला टेकतं, बेंड घेताना तार बोटाखालून निसटते, पकड घट्ट करावी लागते आणि तळहात दुखतो. मूळ फ्रेट टिकवल्याचं समाधान मिळतं, पण वाजवण्याची सहजता जाते.

मत पूर्ण फिरलं ते मिरजेत. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला करत मिरजेला जाणारा रस्ता सतारीच्याच वाटेवरचा म्हणायला हवा, कारण तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं जातात. मिरजेत तंतुवाद्यं घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. फरीदसाहेब हे तिचे मूळ पुरुष मानले जातात. शस्त्रं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे काम हाती घेतलं आणि पुढे सतारमेकर हेच त्यांचं आडनाव झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिथं एका बुजुर्ग कारागिराशेजारी बसून मी सतारीचे पडदे बांधताना पाहिले. सतारीचा पडदा लाकडात ठोकलेला नसतो. तो कमानदार असतो आणि दांडीला दोऱ्यानं बांधलेला असतो. त्यांनी एका जुन्या सतारीचा पडदा सोडवला, अंगठा माथ्यावरून फिरवला, खाच किती खोल आहे ते नखानं चाचपलं आणि पडदा बाजूला ठेवून दिला. त्याच्या शेजारचा मात्र त्यांनी ठेवला. त्यावर कानस फिरवली, कापडानं घासला, पुन्हा जागेवर बसवून दोरा आवळला आणि गाठ मारली. एकाच वाद्यावर एक पडदा गेला, एक राहिला. सतारीत एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच सुरांची मींड घेतात, तेव्हा पडद्यांवर खाचा पडणारच. त्यांच्या लेखी पडदा हा झिजण्यासाठीच असलेला भाग होता. जवारीचंही तसंच, घोडीवर तारांचे व्रण पडले की वाजवणारा ती पुन्हा लावून घेतो. जपायची ती दांडी, तो भोपळा, ती तबली आणि तो नाद.

सतार आणि गिटार यांच्यात फरक आहे, हे मला कळतं. दोरा सोडून पडदा काढणं आणि लाकडात रुतलेला फ्रेट उपटणं ही एका तोलाची कामं नाहीत. तरी त्या कारागिराच्या हाताकडे बघताना माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. ‘मूळ फ्रेट किती काळ टिकवता येतील’ असं मी विचारत होतो. विचारायला हवं होतं ते ‘या फ्रेटमध्ये काम करण्यापुरता धातू उरला आहे का’, आणि तेही प्रत्येक फ्रेटला वेगळं. मागाचा धोटा झिजला की विणकर तो बदलतो, कारण त्याला माग चालता ठेवायचा असतो.

परतल्यावर मी गिटार दुरुस्तीला नेली आणि पहिले सहा फ्रेट तेवढे बदलून घेतले. याला पार्शल रिफ्रेट म्हणतात आणि आधी माझ्या विचारात तो पर्याय जवळजवळ नव्हताच. काम समोर बसून पाहिलं. सोल्डरिंग गन फ्रेटवर टेकवून तो तापवला, उष्णतेनं लाकडाची पकड ढिली झाली, मग सपाट तोंडाच्या निपरनं एका टोकापासून हळूहळू, चावा पुढे सरकवत उचलला. टवके उडाले नाहीत. एक बारीकसा कपचा सुटला तो तिथंच चिकटवला. खाच साफ केली. जुन्या तारेच्याच रुंदीची नवी तार फ्रेटबोर्डच्या गोलाईपेक्षा जरा जास्त वाकवून ठोकली, म्हणजे टोकं उठून बसत नाहीत. मग फक्त हे सहा फ्रेट पुढच्या सोळांच्या उंचीला आणून मिळवले. त्या सोळांचा धातू जवळजवळ जसाच्या तसा राहिला. लाकडाबद्दलची माझी भीती खरी होती, पण ती कारागिराच्या हातावर अवलंबून असते, हे तेव्हा उमगलं.

सुरांचं काय होतं, असं मुलं विचारतात. फ्रेटची जागा खाचेनं ठरते आणि खाचा त्याच राहतात. ६४८ मिलिमीटर स्केलच्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून, सुमारे ३६.४ मिलिमीटरवर असतो, बारावा बरोबर मध्यावर. ही मापं रिफ्रेटनं बदलत नाहीत. उलट नवा माथा गोल असल्यामुळे तार पुन्हा मधोमध टेकते आणि सूर जागेवर येतो.

मत बदललं म्हणजे आता झणझण ऐकू आली की मी रिफ्रेट सुचवतो, असं मात्र नाही. सोलापूरच्या हवेत तर अजिबात नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. मग घरात कूलर सुरू होतो आणि त्याच्यासमोर टांगलेल्या गिटारला एकदम दमट हवा लागते. नेक हलते, तारा लागू लागतात. हे ऋतूचं दुखणं आहे, झिजेचं नाही. गिटार केसमध्ये, कूलरपासून दूर ठेवली आणि ट्रस रॉड पाव-पाव फेऱ्यानं जुळवला तर अनेकदा काम भागतं.

म्हणून क्रम असा ठेवा. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट मोजा, ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असावी. मोटारसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक जो फीलर गेज वापरतात तोच इथं चालतो. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पाहा. दीड-पावणेदोन मिलिमीटर ही बहुतेकांना सोयीची. मग छोटी सरळ स्टीलपट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवून बघा. डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. तो दाबून पाहा, सैल असेल तर ठोकून चिकटवला की झालं. मोकळी तार झणझणत असेल तर नटच्या खाचा तपासा. हे सगळं ठीक असूनही त्रास राहिला, तरच झिजेकडे वळा.

झिजेसाठी माझा आजचा नियम साधा आहे. खळग्याच्या तळाशी ०.८ मिलिमीटरच्या वर धातू असेल तर घासून घ्या. एक घासणी आरामात निघते. पहिल्या पाच-सात फ्रेटवरच तळ याच्या खाली गेला असेल आणि बाकीचे चांगले असतील तर तेवढेच बदला. सगळीकडे उंची ०.७ च्या आसपास आली असेल, किंवा माथे इतके सपाट असतील की गोल करायला धातूच उरणार नाही, तर पूर्ण रिफ्रेट करा आणि मागे बघू नका. हे आकडे माझ्या हाताचे आहेत. हलक्या बोटानं वाजवणारा याहून बुटक्या फ्रेटवरही सुखी असू शकतो. पण कोणताही निर्णय मोजल्याशिवाय घेऊ नका.

पूर्ण रिफ्रेट करताना दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. एक म्हणजे तार. रोज तासन्‌तास बेंड घेणाऱ्याला स्टेनलेस स्टील परवडतं. ते महाग, काम करायला कठीण, पण फार टिकतं. इतरांना निकेल सिल्व्हर पुरेसं आहे. उंच तार हवी म्हणून बोटांना अवजड वाटेल अशी घेऊ नका. दुसरी गोष्ट नट. घासत आलेल्या फ्रेटशी जुळवलेला नट नव्या उंच फ्रेटपुढे बुटका पडतो आणि मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटला लागतात. नवा नट हा त्याच कामाचा भाग आहे. तो खर्च धरूनच हिशेब करा.

आणि खर्चाबद्दल मोकळेपणानं सांगतो. सुरुवातीला घेतलेल्या स्वस्त गिटारवर पूर्ण रिफ्रेटचा खर्च गिटारच्या किमतीच्या जवळ जातो. तिथं एकदा घासून घ्या आणि पुढच्या गिटारसाठी पैसे साठवा. नेक स्क्रूनं जोडलेली असेल तर जुळणारी नवी नेक बसवणंही विचारात घ्या. अगदीच काही जमत नसेल तर नट उंच करून तीच गिटार मांडीवर आडवी घ्या आणि स्लाइडनं वाजवा. स्लाइड वाजवणाऱ्याची तार फ्रेटला टेकतच नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर रागसंगीत उभं केलं ते याच पद्धतीनं. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर त्यांचीच गिटार आहे.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांना सांगायचं आहे: फ्रेट कधीच बदलू नका, हा मी दिलेला सल्ला आता सोडून द्या. दुरुस्तीला गिटार देण्याआधी स्वतः मोजा, कागदावर लिहा आणि कारागिराला तीन प्रश्न विचारा. घासल्यावर किती उंची उरेल? लेव्हलिंगनंतर प्रत्येक फ्रेटचा माथा पुन्हा गोल करणार का? झिजलेले तेवढेच बदलून चालेल का? या तिन्हींची सरळ उत्तरं देणाऱ्याच्या हातातच गिटार द्या.